बाज्यातला मुका सूर

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे चुकलेलीच असणार, असं धरून ते चालतात. घड्याळ पुढे असणार, डॉक्टरने एखादी गोळी उगाच वाढवली असणार, आणि रेडिओवर पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी. अशा माणसासमोर मी चष्म्याच्या दुकानात नवं यंत्र आणून ठेवलं तेव्हा काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"हे काय? भात शिजवायचं भांडं?"

"चष्मे धुवायचं यंत्र आहे, बाबा."

"चष्मे धुवायला यंत्र! उद्या नाक शिंकरायलाही आण एखादं."

दुकान माझं. वडिलांकडून शिकलेला धंदा मी लग्नानंतर सासरच्या घराच्या तळमजल्यावर थाटला. सासरे निवृत्त झाले आणि त्यांनी काउंटरमागची उंच खुर्ची पटकावली. कुणी विचारलं तर म्हणतात, "सुनेला मदत करतो." मदत म्हणजे गिऱ्हाइकांशी गप्पा. पण मी जेवायला वर गेले की दुकान डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, आणि माणूस सोन्यासारखा आहे, म्हणून मीही फार ताणत नाही.

यंत्रात पाहण्यासारखं काही नव्हतं. स्टीलची छोटी टाकी, वर झाकण, आत जाळीची टोपली. टाकीत कोमट पाणी घालायचं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, फ्रेम टोपलीत ठेवायची आणि बटण दाबायचं. मी बटण दाबलं तशी आतून चिरचिर सुरू झाली, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडत राहावेत तशी.

सासऱ्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. "ब्रश नाही, फडकं नाही, नुसतं गुणगुणतंय. गुणगुणून कुठे घाण निघते? तसं असतं तर तुझा नवरा आंघोळीला इतकी गाणी म्हणतो, एव्हाना आरशासारखा लख्ख झाला असता."

मी समजावून सांगितलं. टाकीच्या बुडाखाली चकती असते. वीज मिळाली की ती थरथरते, सेकंदाला चाळीस हजार वेळा. तो आवाज इतका बारीक की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. आपण ऐकतो ती नुसती पाण्याची कुरकुर. त्या थरथरीने पाणी क्षणात ताणलं जातं, क्षणात दाबलं जातं. ताणलं की डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात, दाबलं की ते आतल्या आत फुटतात, आणि फुटताना शेजारी चिकटलेली घाण उखडून काढतात. शिवाय पाणी जिथे शिरतं तिथे बुडबुडाही पोचतो. स्क्रूच्या आट्यांत, बिजागरीच्या फटीत, जिथे ब्रशचा केस जात नाही तिथे.

"बुडबुडे म्हणे," सासरे म्हणाले. "लहान मुलं फुंकून उडवतात, तेच ना? बरं, बरं."

मग मी हुकमाचा पत्ता काढला. वरून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद आणला, ज्यात आम्ही डब्याचं जेवण गुंडाळतो, आणि त्याचा एक तुकडा चालू यंत्राच्या पाण्यात धरून ठेवला. थोड्या वेळाने वर काढून सासऱ्यांच्या हातात दिला. ते तो घेऊन दारापाशी उजेडात गेले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला. कागदाला जागोजागी खळगे पडले होते आणि मध्ये चांगली आरपार भोकं. कसर लागलेल्या कपड्याला असतात तशी.

"हे बुडबुड्यांनी केलं?"

"हो."

"म्हणजे यात बोट घालायचं नाही."

"अजिबात नाही."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बराच वेळ टाकीकडे आदराने पाहत उभे राहिले. मग स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. तो पाण्यात गेल्या गेल्या नाकाच्या पॅडपाशी धुरासारखा ढग सुटला आणि हिरवट पोपडे तरंगायला लागले.

"हे सगळं माझ्या नाकावर होतं?"

"बरीच वर्षं, बाबा."

त्या दिवसापासून सासरे यंत्राचे वकील झाले. येणाऱ्या प्रत्येकाला ते चंदेरी कागदाचा प्रयोग दाखवत. शेजारच्या काकांची कवळी आली, न्हाव्याच्या कात्र्या आल्या, कुणाच्या पेनाची सुकलेली निब आली, कुणाची बोटातून न निघणारी अंगठी साबण लावून ओढून काढलेली आली. कवळी अशी चमकली की काका रस्त्याने उगाचच हसत जायला लागले. लोक चष्म्याच्या दुकानात कवळ्या घेऊन येतात म्हणून मी कुरकुरले, तर सासरे म्हणाले, "येऊ देत ग. आज कवळी घेऊन येईल तो उद्या चष्मा घेऊन येईल. वय एकच आहे."

पण माझेही नियम होते, आणि ते मी त्यांच्याकडून घोकून घेतले. मोती नाही, पोवळं नाही, पाचू नाही. डिंकाने चिकटवलेलं काही नाही. लाकूड आणि कातडं नाही. ज्या काचेच्या लेपाला आधीच बारीक चिरा गेल्यात ती काच नाही. मोबाइल तर नाहीच नाही. वस्तू टाकीच्या तळाला टेकवायची नाही. कारण यंत्राला मायाबिया नसते. घाण कुठली आणि तुमची वस्तू कुठली हे त्याला कळत नाही. जे सैल असेल ते ते सोडवणार.

समोरच्या शिवणकामवाल्या काकूंना हे पटलं नाही. त्यांनी खडे जडवलेली पिन आणली. सासऱ्यांनी विचारलं, "खडे चिकटवलेले नाहीत ना?" काकू फणकारल्या, "चिकटवलेले? ह्यांनी स्वतः आणलेत, अस्सल आहेत!" मी नको नको म्हणत असताना पिन टोपलीत गेली. बाहेर आली तेव्हा एकही खडा जागेवर नव्हता. खडे गेले टोपलीच्या तळाला, आणि काकूंच्या नवऱ्याची पत गेली त्याच्याही खाली. काकूंचे यजमान बिचारे नंतर कितीतरी दिवस आमच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

सासूबाई तेव्हा घरी नव्हत्या, नाहीतर त्यांनी या प्रकरणाची मजा लुटली असती. नणंदेला जुळी झाली होती. "पंधरा दिवसांत येते" म्हणून लेकीकडे गेलेल्या सासूबाई दोन महिने झाले तरी तिकडेच होत्या. एक बाळ झोपलं की दुसरं उठायचं, आणि आजी दोघांत वाटली गेली होती. घर सुरळीत चाललं होतं, पण अळणी झालं होतं. नवरा, मी, सासरे, तिघंही जेवताना मुकाट जेवायचो.

आणि मग संध्याकाळचा बाजा.

सासरे चहा-बिस्किट झालं की माउथ ऑर्गन वाजवतात. घरात त्याला बाजाच म्हणतात. धून एकच. लग्नाआधी कधीतरी शिकले, त्यानंतर दुसरी शिकायची त्यांना गरज वाटली नाही. त्या धुनेच्या बरोबर मधोमध एक सूर येतो, श्वास आत ओढून वाजवायचा, आणि तो वाजतच नाही. फुस्स करून नुसती हवा जाते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही तो मुकाच होता. सासूबाई त्या जागी स्वयंपाकघरातून "हूं" करायच्या. मला वाटायचं, तेच तेच ऐकून वैतागल्या असतील बिचाऱ्या. कुणीही वैतागेल.

सासूबाई गेल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासरे धून सुरू करायचे, त्या जागेपर्यंत यायचे, फुस्स व्हायचं, आणि तिथेच बाजा खाली ठेवायचे. पुढची धून त्या दोन महिन्यांत मी एकदाही ऐकली नाही.

रविवारी येते, असा सासूबाईंचा फोन आला त्या संध्याकाळी सासरे बाजा घेऊन खाली दुकानात आले. मी शटर ओढायच्या बेतात होते.

"सूनबाई, हा तुझ्या यंत्रात घालून दे."

"काय झालं याला?"

"तो मधला सूर. पूर्वी कसं, गाडी खड्ड्यावरून निघून जायची, मला कळायचंही नाही. आता रोज त्याच खड्ड्यात पडतो. पुढे जावंसंच वाटत नाही." त्यांनी बाजा शर्टाच्या बाहीला पुसला. "ती लग्नापासून याला बोबडा बाजा म्हणतेय. रविवारी आली की एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सबंध धून वाजवून दाखवतो. बघू मग काय म्हणते."

मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि हसूही आलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी या वयाच्या नवऱ्याच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहत होते. मी लगेच चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला.

"हे कशाला?" सासऱ्यांनी बाजा छातीशी धरला.

"उघडून बघते. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मी काही पाण्यात घालत नाही."

"उघडायचा नाही! एकदा उघडलेली वस्तू पहिल्यासारखी बसत नाही. आमच्या छापखान्यात एकाने रेडिओ उघडला होता, तो अजून शेवटचा स्क्रू शोधतोय."

"मग मी घालणार नाही."

"मग राहू दे."

आम्ही दोघंही हट्टी. नवरा जेवताना म्हणाला, "एकाने माघार घ्या." आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भातात मान घातली.

बुधवारी मी जेवायला वर गेले. जेवून जिना उतरते तोच यंत्राची चिरचिर ऐकू आली. त्या दिवशी धुवायला काहीच आलेलं नव्हतं. आत गेले तर सासरे हात मागे बांधून टाकीसमोर उभे, आणि टाकीवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला दोरा बांधून बाजा पाण्यात लोंबत सोडलेला.

"सगळं नियमाने केलंय," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "पाणी कोमट. साबण दोन थेंब. आधी नुसतं पाणी चालवून त्यातली हवा काढली, तू काढतेस तशी. तळाला टेकू दिला नाही. मोती नाहीत, पोवळं नाही, डिंक नाही. नुसता पत्रा आहे. बघ, घाणही निघतेय."

निघत होती खरी. पाणी पिवळट झालं होतं. मी धावत जाऊन बटण बंद केलं. सासऱ्यांनी बाजा उचलला, झटकला, पाणी निथळू दिलं आणि मोठ्या उमेदीने ओठांना लावला.

पूर्वी एक सूर वाजत नव्हता. आता एकही वाजेना. एका कोपऱ्यातून फक्त बेडकासारखा आवाज आला, तोही एकदाच.

मी बाजा हातात घेऊन कडेने पाहिलं. दोन पत्र्यांच्या मधून काहीतरी फुगून बाहेर डोकावत होतं.

"बाबा, याच्या आत लाकूड आहे."

"लाकूड? छे! पत्र्याचा आहे हा."

"बाहेरून."

त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "इतकी वर्षं तोंडाला लावतोय. मला कसं कळलं नाही?"

"परवा उघडू दिला असता तर कळलं असतं!" मी रागाने बोलून गेले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि पुढचे शब्द मी गिळले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला आपली चूक सापडली होती. ते उंच खुर्चीवर न बसता गिऱ्हाइकांच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले.

"तेलही गेलं, तूपही गेलं," ते म्हणाले. "आधी निदान खड्डा होता. आता रस्ताच गेला. रविवारी ती आली की काय वाजवू?"

मी पुन्हा तो स्क्रू ड्रायव्हर काढला. "आता तरी उघडू?"

त्यांनी होकाराची मान डोलावली, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत बसले. ऑपरेशनला नातेवाईक बाहेर बसतात तसे.

दोन बाजूंचे दोन स्क्रू. चष्म्याच्या बिजागरीला लागतात त्याहून थोडे मोठे. वरचे पत्रे निघाले. खाली दोन पितळी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत ओळीने बारीक बारीक जिभा, एका टोकाला घट्ट बसवलेल्या, दुसऱ्या टोकाला मोकळ्या. आपण फुंकतो किंवा श्वास ओढतो तेव्हा त्या थरथरतात आणि सूर निघतो. या दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकडाची फळी, कंगव्यासारखी, प्रत्येक सुराला वेगळा कप्पा. ती पाणी पिऊन टम्म फुगली होती आणि तिने सगळ्या पट्ट्या वाकड्या रेटल्या होत्या.

मी भिंगाखाली खालची पट्टी धरली. मधल्या जिभेच्या फटीत काळपट गोळा बसला होता, कडेने पितळेचा हिरवा गंज चढून अगदी घट्ट. इतका घट्ट की मघाची धुलाईसुद्धा त्याला पुरली नव्हती. लाकडाने पट्टीलाच दाबून धरल्यावर पाणी खेळणार तरी कसं?

"बाबा, इकडे या. तुमचा सूर कुणी अडवला ते बघा."

सासरे आले, भिंगातून बराच वेळ पाहिलं. "हे काय आहे?"

"चहाबरोबर काय खाता तुम्ही?"

"बिस्किट."

"तेच."

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. "रंगावरून खारं वाटतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे फार जुनं. तेव्हा मला खारं चालायचं."

टाचणीने कोरून तो गोळा निघाला असता, पण जीभ इतकी पातळ की जराशी वाकली तरी सूर बिघडायचा. इथे मात्र यंत्रच हवं होतं. पट्ट्या निव्वळ पितळेच्या, लाकूड नाही, डिंक नाही. मी काचेच्या पेल्यात साबणाचं पाणी घेऊन त्यात पट्ट्या सोडल्या आणि तो पेला टाकीतल्या पाण्यात धरला. थरथर काचेतून आत जाते, आणि बारीक वस्तू हरवत नाहीत. थोडा वेळच चालवलं, कारण जिभांनाही उगाच दमवायचं नव्हतं. मधल्या फटीतून आधी बारीकसा धूर सुटला. मग एक काळा कण हलला, अडला, आणि सुटून पेल्याच्या तळाशी गेला.

"गेलं!" सासरे ओरडले. दुकानात चष्मा निवडत असलेल्या बाईंच्या हातातून फ्रेम पडली.

राहिली फळी. तिला ना ऊन चालणार होतं, ना गरम वारा. घाईने वाळवली असती तर तडकली असती. मी ती टिपकागदावर, सावलीत, काउंटरच्या कोपऱ्यात ठेवली. आता वाट पाहण्याखेरीज हातात काही नव्हतं, आणि ती वाळून पहिल्यासारखी सरळ होईलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. सासऱ्यांनी तिच्याशेजारी ठाण मांडलं. थोड्या थोड्या वेळाने ते तिला हलकेच कुशीवर वळवत, बाळाला वळवतात तसे. कुणी गिऱ्हाईक जवळ येऊन बोलायला लागलं की हात आडवा धरत, "जरा लांबून बोला, लाकूड वाळतंय." त्या तीन-चार दिवसांत किती जणांना आमच्या घरात नेमकं काय चाललंय असा प्रश्न पडला असेल, देव जाणे. शिवणकामवाल्या काकू मुद्दाम येऊन पाहून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही चिकटवलेलंच निघालं!" सासऱ्यांनी तेही ऐकून घेतलं.

शनिवारी दुपारी फळी हाताला कोरडी लागली. टेबलावर ठेवून पाहिली, डगमगली नाही. एका कडेला थोडी फुगवट उरली होती, ती मी फ्रेमच्या कानशीने हलक्या हाताने उतरवली. मग फळी, पट्ट्या, पत्रे, स्क्रू. सासरे स्क्रू तळहातावर घेऊन उभे होते आणि मी मागितला की एकेक देत होते. शेवटचा बसला तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात मला उलटेसुलटे करून दाखवले. एकही उरला नव्हता.

"वाजवा."

त्यांनी बाजा ओठांशी नेला, मधल्या जागेवर आणला आणि श्वास आत ओढला.

सूर निघाला. लहानसा, स्वच्छ. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होते. सासऱ्यांनी बाजा बाजूला घेऊन त्याच्याकडे पाहिलं, परत लावला, परत तोच सूर काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

"आता सबंध वाजवा की."

"उद्या," ते म्हणाले. "तिच्यासमोर."

रविवारी नवरा सासूबाईंना घेऊन आला. जिना चढत असतानाच त्यांच्या बोलण्याला सुरुवात झाली होती. थोरला कसा शांत, धाकटा कसा बापावर गेलाय, दोघं एकदम रडले की शेजारी कसे भिंत वाजवतात. घरात पुन्हा मीठ पडलं. मी चहा केला. बिस्किटांची बशी फिरली, आणि सासऱ्यांनी ती तशीच पुढे सरकवली.

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. "बिस्किट का नाही घेतलं? बरं नाही का वाटत?"

"ठणठणीत आहे. तू बस इथे. मी वाजवतो."

"वाजवा ना. मला आतून ऐकू येतं." त्या कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. दोन महिन्यांनी आपलं ओट्याचं राज्य परत मिळालं होतं, त्या कसल्या बसतात!

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वाजवा म्हणून खूण केली. धून सुरू झाली. ते नेहमीपेक्षा सावकाश वाजवत होते. ती जागा जवळ आली तशी मीच श्वास धरला. आणि तो सूर निघाला, खणखणीत.

त्याच क्षणी आतून "हूं" आलं. तोच सूर. अगदी तोच, जराही वर नाही, खाली नाही. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, आणि आतला आवाज अर्ध्यावर थांबला.

इतकी वर्षं मी ज्याला वैतागाचा हुंकार समजत होते, तो वैताग नव्हताच. सासूबाई रोज संध्याकाळी भांडी विसळता विसळता तो हरवलेला सूर गाऊन भरून काढत होत्या.

सासरे धून शेवटपर्यंत वाजवून उठले आणि लहान मुलासारखे स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "ऐकलंस? आता बोबडा म्हणून दाखव. सुनेने दुरुस्त केला. यंत्रात घालून!"

सासूबाई ओला कप पुसत उभ्या होत्या. "छान झालाय," त्या म्हणाल्या आणि कप पुसतच राहिल्या. तो कप केव्हाच कोरडा झाला होता.

"नुसतं छान?"

"मग काय म्हणू? छान आहे." मग त्या हसल्या, पण ते हसू काही जमलं नाही. "आता माझं काय काम, एवढंच मनात आलं. तुमचा तो खड्डा मीच बुजवत आलेय ना पहिल्यापासून. तिकडे पोरांना झोपवतानाही हीच धून म्हणायचे. सगळी हळू, आणि तो एक सूर तेवढा मोठ्याने. माझी जागा ती."

सासरे हळूच माझ्याकडे वळले.

"सूनबाई, तुझ्या त्या यंत्रात घाण परत घालता येते का?"

"नाही हो, बाबा. ते फक्त काढतं."

"काहीच नाही करता येणार?"

"बिस्किटं खा भरपूर," सासूबाई म्हणाल्या. "वीसेक वर्षांत होईल परत बंद."

नवरा हसला, मी हसले, आणि सासूबाई आता खऱ्याखुऱ्या हसल्या. सासरे तेवढे हसले नाहीत. ते तिथेच दाराच्या चौकटीला टेकले, बाजा ओठांना लावला आणि धून पहिल्यापासून सुरू केली. ती जागा आली. त्यांनी बाजा ओठांपासून केसभर दूर धरला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी जरा वेळ त्यांना तिष्ठत ठेवलं. तेवढा त्यांचा हक्कच होता.

"हूं," त्या म्हणाल्या. आणि धून पुढे गेली.

आता संध्याकाळी मी खाली दुकानात असते तेव्हा वरून बाजा ऐकू येतो. सासूबाईंचा आवाज खालपर्यंत पोचत नाही, बाजा पोचतो. त्या बाजारात नाहीतर शेजारी गेलेल्या असल्या तर सासरे धून सबंध वाजवतात. घरात असल्या तर मधली जागा मोकळी सोडतात. परवा एक नवं गिऱ्हाईक चष्मा धुऊन घेत होतं. कान देऊन म्हणालं, "वरच्या बाजाचा एक सूर गेलाय हो. तुमच्या यंत्रात घालून बघा की."

"घातला होता," मी म्हटलं. "सूर ठणठणीत आहे. आमच्या सासूबाई घरी आहेत, एवढंच."